पाऊणशे रुपयांचा न्याय

वर्गात प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' शिकवीत होतो. गोष्ट शेवटच्या पंचायतीपर्यंत आली होती. अलगू चौधरीने आपला बैल समझू साहूला महिन्याच्या उधारीवर विकला. साहूने त्या मुक्या जनावराला चारा-पाण्याची पर्वा न करता दिवसाला तीन-तीन, चार-चार खेपा मारायला लावल्या आणि बैल रस्त्यातच मेला. आता साहू दीडशे रुपये द्यायला तयार नाही. सरपंच आहे जुम्मन शेख. अलगूशी त्याचे जुने वैर. तरीही जुम्मन निकाल देतो की साहूने पूर्ण किंमत द्यावी. आम्ही हा निकाल फळ्यावर लिहिला, तोच मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, आधा-आधा कर देते तो? पचहत्तर में दोनों का काम हो जाता!"

वर्ग हसला. आम्ही पुस्तकी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न आमच्याबरोबर घरी आला, कारण मुलाने तो हवेतून आणलेला नव्हता. मोहल्ल्यात, जमातीत, भाऊबंदकीत, दुकानाच्या ओट्यावर त्याने असेच निवाडे होताना पाहिले असणार. 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं, मिटवून टाका' हे वाक्य कानावर न पडता आपल्याकडे कोणी मोठा होत नाही. दीडशेचा वाद पाऊणशेवर मिटतो, चहा येतो, पंच समाधानाने उठतात. ज्याचा बैल गेला तो मात्र पाऊणशे रुपयांना कायमचा बुडतो आणि वर त्याला शहाणपणाचे प्रशस्तिपत्रही मिळते.

जेथे ज्युरीची पद्धत आहे, त्या देशांत या प्रकाराला 'तडजोडीचा निकाल' असे रीतसर नाव आहे. या लेखात आम्हाला तपासायचे आहे ते हे की, ज्या साहित्यकृतींनी आणि चित्रपटांनी ज्युरीची खोली आपल्यापर्यंत आणली, त्यांनी या तडजोडीचे काय केले. ती दाखवली, की तिच्याकडे पाठ फिरवली?

प्रथम तडजोडीचा निकाल म्हणजे काय ते पाहू. बारा सामान्य नागरिक खटला ऐकतात आणि एका बंद खोलीत जाऊन आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यासाठी बाराही जणांचे एकमत लागते. लुइझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत दहा विरुद्ध दोन अशा मतांवरही माणसाला दोषी ठरवता येत असे. २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तेही बंद केले. आता समजा, खोलीत सात जणांची खात्री आहे की आरोपीने खून केला, आणि पाच जणांना वाटते की हा माणूस तो नव्हेच. तास उलटतात, डोकी तापतात, प्रत्येकाला घर आठवते. कायद्याने शिडीच्या खालच्या पायऱ्याही ठेवलेल्या असतात: पूर्ण खून, त्याहून हलका खून, सदोष मनुष्यवध. मग कोणीतरी म्हणतो, 'मधल्या पायरीवर या ना!' सात जण एक पायरी खाली उतरतात, पाच जण दोन पायऱ्या वर चढतात, आणि निकाल होतो. बाहेर आल्यावर तो बारा जणांचा एकमुखी निकाल म्हणून वाचला जातो. वास्तविक त्या निकालावर बारांपैकी एकाचाही विश्वास नसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही तडजोड एकमताच्या अटीच्या पोटी जन्म घेते. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हा बहुमतावर काम चालत असे, म्हणून तिचे दुखणे वेगळे होते. १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ज्युरीतले सहा युरोपियन एकीकडे आणि तीन भारतीय दुसरीकडे होते. १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन झाले. दोन्ही वेळा अल्पमताशी सौदा करण्याची कोणाला गरजच पडली नाही. त्याला मोजून बाजूला ठेवले गेले आणि १९०८ चा निकाल टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला घेऊन गेला. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीपुढे खून आणि सदोष मनुष्यवध अशा दोन्ही पायऱ्या होत्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने दोन्ही नाकारल्या. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. सारांश, बहुमताची ज्युरी अल्पमताला तुडवून पुढे जाते आणि एकमताची ज्युरी त्याला विकत घेते. दोन्हींत अधिक वाईट कोणते, हे सांगणे सोपे नाही.

या खरेदी-विक्रीचा पुरावा मात्र कधी हाती लागत नाही. खोलीत काय घडले ते ज्युरीच्या सदस्यांना विचारून निकाल मोडायचा नाही, अशी इंग्रजी आणि अमेरिकन कायद्याची जुनी रीत आहे. तिला अपवाद थोडे. १९३२ च्या डन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर मोकळेपणाने मान्य केले की विसंगत निकाल तडजोडीतून आलेला असू शकतो, परंतु तसा तर्क लढवून तो रद्द करता येणार नाही. याचा अर्थ असा की कायद्याने त्या खोलीचे दार मुद्दाम लावून घेतले आहे. जेथे कायदा जात नाही तेथे साहित्य जाऊ शकते. म्हणूनच या खोलीबद्दल लेखकावर जी जबाबदारी येते, ती न्यायाधीशापेक्षा मोठी आहे असे आम्ही मानतो.

ही खोली जगाला दाखवली ती रेजिनाल्ड रोझ या लेखकाने. न्यूयॉर्कमध्ये स्वतः ज्युरीवर बसल्यानंतर त्याने 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हे दूरचित्रवाणी-नाट्य लिहिले. ते १९५४ मध्ये सादर झाले आणि १९५७ मध्ये सिडनी ल्युमेटने त्यावर चित्रपट केला. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फ़ैसला' (१९८६) हा त्याचाच हिंदी अवतार. आपल्यापैकी पुष्कळांनी ज्युरी पाहिली ती याच चित्रपटात. म्हणजे देशातून ज्युरी गेल्यावर. पंकज कपूरचा मुलावर चिडलेला बाप, के. के. रैनाचा शांत आठवा सदस्य आणि अन्नू कपूरचा म्हातारा विसरता येत नाहीत. झोपडपट्टीत वाढलेल्या एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. अकरा जण म्हणतात दोषी, एक जण म्हणतो थोडे बोलू या. आणि बोलता बोलता बाराही जण निर्दोष या निर्णयावर येतात. वर्गात लोकशाही शिकवायला याहून चांगले साधन नाही, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

आता वाटते की या नाट्याने एक मोठी सोय करून घेतली आहे. त्यात शिडी नाही. आरोप एकच, आणि दोषी ठरला तर शिक्षा एकच: मृत्यू. मधली पायरीच नसल्यामुळे कोणाला मधल्या पायरीवर बोलावता येत नाही. मुलगा सुटेल किंवा मरेल. त्यामुळे चर्चा पुढे सरकते ती पुराव्याच्या जोरावर: चाकू, चष्म्याच्या खुणा, लंगड्या म्हाताऱ्याची चाल. प्रेक्षकाची समजूत होते की बारा माणसे पुरेशी वेळ बसली तर सत्य आपोआप वर येते. रोझच्या बारा जणांपुढे एक हलका आरोपही ठेवून पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला, सात विरुद्ध पाच असताना, घाई झालेल्या त्या सातव्या सदस्याने काय सुचवले असते हे सांगायला ज्योतिषी नको.

तरीही रोझ प्रामाणिक लेखक आहे, म्हणून सौदेबाजी त्याच्या हातून दोनदा आत शिरली आहे. पहिला प्रसंग या सातव्या सदस्याचाच. त्याला बेसबॉलचा सामना गाठायचा आहे. कंटाळून तो आपले मत फिरवतो, तेव्हा अकरावा सदस्य, परदेशातून येऊन घड्याळे दुरुस्त करणारा साधा माणूस, त्याला धारेवर धरतो. मत फिरवलेस ते पटले म्हणून की थकलास म्हणून, हा त्याचा सवाल आहे. संपूर्ण नाट्यात आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, कारण फिरलेले मत आरोपीच्या बाजूचे असूनही अकरावा सदस्य ते फुकट घ्यायला तयार नाही. खोट्या मताने आलेला खरा निकालही त्याला चालत नाही.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सुरुवातीला एकटा पडलेला आठवा सदस्य, म्हणजे नायक, स्वतः एक सौदा मांडतो. पुन्हा गुप्त मतदान घ्या, मी त्यात भाग घेत नाही. अकराही चिठ्ठ्यांवर 'दोषी' निघाले तर मी तुमच्याबरोबर येईन. चिठ्ठ्या उघडल्या जातात, एका चिठ्ठीवर 'निर्दोष' निघते, ती म्हाताऱ्याची असते आणि गोष्ट वाचते. पण ती चिठ्ठी निघाली नसती तर? ज्याच्या मनात शंका आहे असा एकमेव माणूस शंका खिशात घालून एका मुलाला फाशी द्यायला तयार झाला होता. आपण त्याला सत्याग्रही समजतो. त्या क्षणी तो सत्याग्रही नव्हता; थकायला लागलेला भला माणूस होता. नाटककाराने म्हाताऱ्याला वेळेवर उभे केले म्हणून नायकाची लाज राहिली. हिंदी चित्रपटात हा प्रसंग जसाच्या तसा आला आहे आणि तेथेही प्रेक्षक चिठ्ठी निघण्याच्या आनंदात सौदा विसरून जातो.

एकट्या माणसाला दुसरा का लागतो, याचे उत्तर हार्पर लीच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या १९६० च्या कादंबरीत आहे. अलाबामा राज्यातले छोटे गाव, १९३० नंतरची वर्षे. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आहे. वकील अॅटिकस फिंच सिद्ध करून दाखवतो की ज्याचा डावा हात निकामी आहे त्याच्याकडून तशी मारहाण होऊच शकत नाही. ज्युरी काही तासांनी परत येते आणि त्याला दोषी ठरवते. पुढे अॅटिकसचा मुलगा जेम बापाला विचारतो की ज्युरीला मृत्यूऐवजी वीस वर्षांची शिक्षा देता आली नसती का. आमच्या वर्गातल्या मुलाचा आणि जेमचा प्रश्न एकच आहे, हे वाचताना जाणवले आणि थोडे हसूही आले. मुले सगळीकडे आधी अर्धे-अर्धे करून पाहतात.

अॅटिकसचे उत्तर असे की काळ्या माणसावर असा आरोप असताना तेथील कोणतीही ज्युरी मधला निकाल देणार नाही. एक तर तो सरळ सुटेल, नाही तर काहीच हाती लागणार नाही. तो मुलांना हेही सांगतो की ज्युरीतला एक जण टॉमला निर्दोष सोडायच्याच बाजूचा होता, आणि तसा आणखी एक असता तर ज्युरीचे एकमत झालेच नसते. अॅटिकस यात समाधान मानतो: जेथे काही मिनिटांत निकाल लागायचा तेथे काही तास लागले, म्हणजे पाऊल पुढे पडले. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनीही हेच समाधान मानले आहे. आम्हाला मात्र त्या एका माणसाबद्दल विचारावेसे वाटते. त्याची खात्री होती की टॉम निर्दोष आहे. मग त्याने हात वर का केला? तो कशाच्या बदल्यात फिरला? कादंबरी त्याला नाव देत नाही, चेहरा देत नाही. फक्त तो कोणत्या घराण्यातला ते सांगते. त्याच्यावर निवाडा देण्याचे लेखिकेने टाळले आणि मुलांच्या तोंडी त्याचे कौतुक ठेवले. अॅटिकसवर कोट्यवधी वाचकांनी प्रेम केले. ते त्याला मिळायलाही हवे. परंतु ती कादंबरी खरी कोसळते ती या बिनचेहऱ्याच्या माणसापाशी.

आणि अॅटिकसचे म्हणणे तरी पूर्ण खरे होते काय? त्याच राज्यात, त्याच काळात इतिहासाने वेगळे उत्तर दिले आहे. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामात एका मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना उतरवून घेण्यात आले आणि त्यांच्यावर दोन गोऱ्या मुलींवर बलात्काराचा आरोप ठेवला गेला. हेच स्कॉट्सबरो प्रकरण. पंधरवड्याच्या आत नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड झाला. नववा रॉय राइट वयाने इतका लहान होता की सरकारी वकिलानेच त्याच्यासाठी जन्मठेप मागितली; परंतु ज्युरीतल्या काहींना मृत्यूच हवा होता, एकमत झाले नाही आणि त्याचा खटला रद्द झाला. १९३३ मध्ये त्या दोन मुलींपैकी एक, रूबी बेट्स, न्यायालयात येऊन म्हणाली की बलात्कार झालाच नाही. तरी ज्युरीने हेवूड पॅटर्सनला पुन्हा मृत्युदंड दिला. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल पुराव्याविरुद्ध म्हणून रद्द केला. पुढच्या वर्षी निवडणुकीत त्यांची न्यायाधीशाची जागा गेली.

पॅटर्सनचा चौथा खटला जानेवारी १९३६ मध्ये चालला. तोपर्यंत तीन ज्युरींनी त्याला तीनदा मृत्युदंड दिला होता. चौथ्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि पंचाहत्तर वर्षांची शिक्षा दिली. गोऱ्या स्त्रीवरील बलात्कारात दोषी ठरलेल्या काळ्या माणसाला अलाबामात मृत्युदंड न होण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. इतिहासकार लिहितात की ज्युरीचा प्रमुख हा श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थ होता आणि त्यानेच इतरांना मृत्युदंडापासून मागे ओढले. त्या खोलीत एका बाजूला शंका होती आणि दुसऱ्या बाजूला दोर होता. दोघांची तडजोड पंचाहत्तर वर्षांवर झाली. अॅटिकस म्हणाला त्याप्रमाणे मधला निकाल अशक्य नव्हता. तो शक्य झाला, आणि असा झाला.

दुसऱ्या वर्षी याच तडजोडीचे मोठे रूप दिसले. जुलै १९३७ मध्ये सरकार पक्षाने नऊपैकी चार जणांवरील आरोप सोडून दिले आणि उरलेल्यांना तुरुंगातच ठेवले. घटना एक, गाडी एक, साक्षीदार तेच. आरोप खरा असेल तर नऊ जणांबद्दल खरा, आणि खोटा असेल तर नऊ जणांबद्दल खोटा. पण नऊ मुलांची वाटणी करण्यात आली, जणू जमिनीचा तुकडा होता. पॅटर्सन १९४८ मध्ये तुरुंगातून निसटला, १९५० मध्ये त्याने दुसऱ्या लेखकाच्या मदतीने आपली कहाणी 'स्कॉट्सबरो बॉय' या नावाने छापली आणि १९५२ मध्ये मिशिगनच्या तुरुंगात, दुसऱ्या एका गुन्ह्याची शिक्षा भोगताना, कर्करोगाने वारला. अलाबामाने त्याला आणि आणखी दोघांना माफी दिली ती २०१३ मध्ये, मृत्यूनंतर. माफी शब्दही पाहा: जणू त्यांनी काही केले होते!

आता आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. त्या श्रद्धाळू प्रमुखाने दुसरे काय करायला हवे होते? तो अडून राहिला असता तर एकमत झाले नसते आणि पाचवा खटला चालला असता. पाचव्या ज्युरीत त्याच्यासारखा कोणी नसता तर पॅटर्सन विजेच्या खुर्चीवर गेला असता. पंचाहत्तर वर्षांनी त्याचा जीव वाचला, म्हणूनच तो निसटू शकला आणि लिहू शकला. तडजोड वाईट म्हणणारे आम्ही तेव्हा त्या खोलीत असतो तर?

आम्ही या प्रश्नापुढे बराच काळ अडलो. इंग्लंडच्या इतिहासात यासारखे एक उदाहरण आहे. अठराव्या शतकात तेथे राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती. ज्युरी मग धडधडीत किमती मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवत आणि माणसाचा गळा वाचवत. ब्लॅकस्टोन या विधिपंडिताने याला पुण्याची खोटी शपथ अशा अर्थाचे नाव दिले. वरवर पाहता एकोणचाळीस शिलिंग आणि पंचाहत्तर वर्षे सारखीच दिसतात. पण दोहोंत एक फरक आहे आणि आमच्या मते सगळे त्यात आले. एकोणचाळीस शिलिंग ठरवणाऱ्यांना चोरी झाली याबद्दल शंका नव्हती. त्यांना फाशी अतिरेकी वाटत होती. त्यांनी गुन्हा मानला आणि शिक्षेवर दया केली. पॅटर्सनच्या खोलीत शंका होती ती गुन्ह्याबद्दलच. जो संशयाचा फायदा म्हणून संपूर्ण आरोपीला मिळायचा, तो शिक्षेत सूट म्हणून तुकड्याने देण्यात आला. अर्ध्या शंकेचा अर्थ अर्धा गुन्हा असा होत नाही. शंका ही सत्याबद्दल असते. तिचे वर्षांत रूपांतर करता येत नाही.

त्या प्रमुखाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्याने जीव वाचवला, त्याचे मोल मोठे आहे. पण जीव वाचवण्यासाठी ज्याला खोट्यावर सही करावी लागते, त्याच्या सहीला इन्साफ म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे. तो एक अपघात टाळणे होते. त्यास न्यायाचे नाव दिले की उरलेल्या अन्यायाची तक्रार करायला तोंड राहत नाही. चार सुटले ना, मग बाकीच्यांचे काय रडता, असे म्हणायला लोक मोकळे होतात. ज्यांच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते अशा लोकांना हा युक्तिवाद ओळखीचा आहे. या वार्षिकाच्या वाचकांना तो समजावून सांगायला नको.

म्हणून आम्ही पुन्हा प्रेमचंदांकडे वळतो. १९१६ मधली ही गोष्ट शाळेत मैत्री आणि ईमान यांचा धडा म्हणून शिकवली जाते. परंतु तिच्यातली शेवटची पंचायत नीट वाचावी. तेथे पंचांत फूट आहे. दोघांचे मत पडते की साहूचा बैल मेला, त्याचे नुकसान झाले, त्याला सवलत द्यावी. दोघे म्हणतात की किमतीखेरीज साहूला दंडही करावा, म्हणजे मुक्या जनावराशी असा निर्दयपणा पुन्हा कोणी करणार नाही. एक बाजू खाली ओढते, दुसरी वर. हीच ज्युरीची खोली आहे. फरक एवढाच की ती झाडाखाली आहे आणि सगळा गाव ऐकतो आहे.

जुम्मनचा निकाल बरोबर मध्ये पडतो: सवलत नाही, दंडही नाही, पूर्ण किंमत. आकड्यांकडे पाहणारा म्हणेल की ही तडजोडच झाली. तशी ती नाही. जुम्मन कारण देतो: बैल विकला त्या दिवशी तो निरोगी होता, तेव्हाच किंमत दिली असती तर हा वाद उरलाच नसता. तो आकड्यापासून सुरू होऊन मध्यावर आला नाही. कारणापासून सुरू झाला आणि जेथे पोहोचला तो योगायोगाने मध्य निघाला. दंडाचा विषय निघतो तेव्हा जुम्मन म्हणतो की तो वेगळा प्रश्न आहे, त्याच्याशी पंचांना कर्तव्य नाही. आणि सवलतीचा विषय निघतो तेव्हा तो जे म्हणतो ते प्रत्येक पंचाच्या, सरपंचाच्या आणि मुतवल्लीच्या बैठकीत लावून ठेवावे असे आहे. सवलत देणे अलगूच्या मर्जीवर आहे. त्याने दिली तर तो त्याचा भलेपणा.

जेमचे आणि आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर येथे मिळते. तडजोड वाईट नाही. सुलह ही आपल्या धर्मातही उत्तम मानलेली गोष्ट आहे. परंतु सुलह वादी आणि प्रतिवादी यांनी आपापसांत करायची असते. ज्याचे देणे आहे त्यानेच ते सोडायचे असते. खुनाच्या बाबतीतसुद्धा माफ करण्याचा हक्क शरियतने मृताच्या वारसांना दिला, काझीला दिला नाही. जो निवाडा करायला बसला त्याच्या खिशात देण्यासारखे काहीच नसते. त्याने अलगूचे पाऊणशे रुपये साहूला दिले तर तो दयाळू ठरत नाही, दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होतो. ज्युरीतले पाच जण निर्दोष माणसाची दहा वर्षे सात जणांना देऊन टाकतात तेव्हा तेही असेच दान करतात.

हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपल्या घरांत लहानपणीच ऐकवला जातो. दोन स्त्रिया एका मुलावर हक्क सांगतात. ते म्हणतात, सुरी आणा, मूल दोघींत वाटून देतो. एक कळवळून म्हणते, नको, तिलाच द्या. मूल तिलाच मिळते. सुरी तेथे सत्य ओळखण्यासाठी मागवली होती. तडजोडीचा निकाल देणारे हा किस्सा अर्धाच ऐकून उठलेले असतात. ते सुरी खरोखरच चालवतात आणि दोघींना सारखे मिळाले म्हणून समाधान मानतात.

प्रेमचंदांच्या गोष्टीतही एक कमतरता आहे आणि ती सांगणे भाग आहे. त्यांचा पंच आसनावर बसताच त्याच्यात जणू परमेश्वर उतरतो. जुम्मनला वैर विसरायला एक क्षण पुरतो. हे सुंदर आहे, पण आयुष्यात इतके सोपे नसते. या बाबतीत रोझचे थकलेले, घामेजलेले बारा जण अधिक खरे आहेत. रोझने माणूस खरा दाखवला पण त्याच्यापुढची मधली पायरी काढून टाकली. हार्पर लीने पायरी आहे हे सांगितले आणि खोलीचे दार लोटून घेतले. प्रेमचंदांनी दार उघडले, पायरी दाखवली, ती नाकारण्याचे कारणही दिले. मात्र नाकारणाऱ्याला घाम फुटू दिला नाही. या तिघांना एकत्र करणारी, म्हणजे थकलेल्या माणसाने मधली पायरी समोर असताना ती का घेतली किंवा का घेतली नाही हे आतून सांगणारी कथा आपल्या भाषेत लिहिली जावी, असे आम्हाला फार वाटते. त्यासाठी ज्युरी लागत नाही. जमातीची बैठक पुरे, शाळेची चौकशी समिती पुरे, वारसाहक्कासाठी जमलेले भाऊ-बहीण पुरेत. खालाजानने आपली जमीन जुम्मनच्या नावे करून दिली आणि मग काठी टेकत दारोदार पंच शोधत फिरली, लोक तिला हसले. तशा खाला आजही फिरताहेत आणि त्यांना पाऊणशेवर मिटवा म्हणणारे आपणच आहोत.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात त्या मुलाला उभे केले आणि उलट प्रश्न केला, "बैल तुझ्या अब्बांचा असता तर?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तो अब्बा से पूछते, सर." आम्ही फळ्यावर कालचा निकाल पुन्हा लिहिला आणि त्याखाली त्याचे उत्तर लिहिले. तास संपला तरी ते पुसायचा धीर झाला नाही.